मोरपंखी घोड्याची शेवटची प्रिंट

लिंबायत, सुरत
९ जानेवारी १९९४

सौ. भागीरथीबाई खैरनार यांना सुरतहून सुकलाल बोरसेचा नमस्कार.

आपली ओळख नाही. अनोळखी बाईमाणसाला पत्र लिहिणारा हा कोण टपकला, असं तुमच्या मनात येईल, म्हणून आधी माझी कुंडली देतो. मूळ गाव मालपूर, दोंडाईच्याजवळ. सतराव्या वर्षी सुरतेला आलो. बॉबिनी भरल्या, वर्षभर एका चांदीवाल्याच्या शेडमध्ये टाकी ढवळली, टेम्पो चालवला, मग दुसऱ्याचे माग चालवले. आता लिंबायतीत माझे स्वतःचे सोळा माग आहेत. मागांच्या खडखडाटात भले भले बहिरे होतात, पण माझे कान शाबूत आहेत. त्या कानांमुळेच हे पत्र.

गेल्या महिन्यात कापड मार्केटमध्ये तुमच्या भुसावळचे राघोशेठ साड्या घ्यायला आले होते. चहा पिता पिता ते दुसऱ्या कुणाला तरी म्हणाले, "आमच्या गल्लीत एक बाई आहे, लहानपणी सिनेमात घोड्यावर बसली होती म्हणे." मी तीन माणसं पलीकडे भाव करत होतो. भाव तसाच सोडला आणि राघोशेठचा हात धरला.

'मोरपंखी घोडा' हा पिक्चर मी नऊ वर्षांचा असताना पाहिला. १९६० साल. दोंडाईच्याला तंबूचा सिनेमा आला होता, पंधरा दिवस मुक्काम. मी अकरा वेळा पाहिला. दोनदा तिकीट काढून, नऊदा तंबूच्या खालून. आईबरोबर राहणारी गरीब मुलगी, आई आजारी पडते, आणि रानातला घोडा त्या मुलीला औषधाच्या झाडापर्यंत घेऊन जातो. सुरतेत पहिली दोन वर्षं मी कारखान्यातच झोपायचो, तेव्हा डोळे मिटले की तो घोडा यायचा. चार पैसे हाती आल्यावर मी त्या पिक्चरची एकेक वस्तू जमवायला लागलो. गाण्यांच्या पुस्तिका चार, पोस्टरं सात, थिएटरबाहेर लावायचे फोटो बावीस, तबकड्या तीन. आमची मंडळी, अनुसया, म्हणते, लोकांच्या घरात देव असतात, आमच्या घरात घोडा आहे.

पुस्तिकेत त्या मुलीचं नाव 'बेबी मंजुळा' छापलंय. ताई, तुम्हीच का त्या?

आपला,
सुकलाल बोरसे

*

भुसावळ
२७ जानेवारी १९९४

श्री. बोरसे यांस,

पत्र मिळाले. ती मी नव्हे. राघोशेठना काहीही बोलायची सवय आहे. त्या मुलीला घोड्यावर बसवलेच नव्हते, लाकडी पेटीवर बसवले होते. तेव्हा घोड्यावर बसलेली बाई आमच्या गल्लीत असण्याचा प्रश्न येत नाही. कृपया पुन्हा लिहू नये. घरात मुलगा-सून आहेत.

भा. खैरनार

*

लिंबायत, सुरत
३ फेब्रुवारी १९९४

ताई,

लाकडी पेटी!

कार्ड वाचून मी मागाशेजारी उभ्याउभ्या असा ओरडलो की कारागिरांना वाटलं, कुणाचा हात पट्ट्यात गेला. माझ्याकडे बावीस फोटो आहेत. एकाही फोटोत पेटी नाही. मी तो पिक्चर अकरा वेळा पाहिला, मला पेटी दिसली नाही. तिथे हजर नसलेल्या माणसाला ती पेटी कशी माहीत?

मी कुणाला सांगणार नाही. राघोशेठला सांगितलं की बाई ती नव्हे, विषय मिटला. पण मला एवढंच लिहा, ती पेटी कसली होती? चौतीस वर्षं मी तुम्हाला घोड्यावर बसलेलं समजतोय हो.

सुकलाल

*

भुसावळ
१९ मार्च १९९४

सुकलालभाऊ,

तुम्ही वकील व्हायला हवे होते.

पेटी साबणाची होती. वर घोंगडी टाकली होती आणि खालून दोन माणसं ती हलवत होती. खऱ्या घोड्याजवळ मला फक्त एकदा नेलं, तर मी रडले.

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मालकांना माहीत होतं, ते गेले. मुलाला माहीत नाही. आमच्यात सिनेमात काम केलं म्हणजे काहीतरी लपवायचंच. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, कोल्हापूरला एका फिल्म कंपनीत शिंपी होते. पिक्चरसाठी घेतलेल्या मुलीला गोवर निघाला, म्हणून नानांच्या पोरीला उभी केली. मी आठ वर्षांची होते.

आता तुम्ही मला बोलतं केलंच आहे तर मीही एक मागते. त्या पिक्चरमध्ये माझ्या आईचं काम माझ्या खऱ्या आईने केलं आहे. पिक्चर पुरा झाला आणि चार महिन्यांत आई बाळंतपणात गेली. पिक्चर लागला तेव्हा नाना म्हणाले, मेलेलं माणूस हलताना बघायचं नसतं, आपल्या घरातलं कुणी जाणार नाही. मी पाहिला नाही. नंतर तो कुठे लागलाच नाही. आमच्या घरात फोटो काढायची पद्धत नव्हती. आईचा एकही फोटो नाही. मला तिच्या बांगड्यांचा आवाज आठवतो, मांडी आठवते, चेहरा आठवत नाही. आज मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. सव्वीस वर्षांच्या बाईचा चेहरा मला एकदा बघायचा आहे.

तुमच्या बावीस फोटोंत ती असेल ना?

भागीरथी

*

लिंबायत, सुरत
३१ मार्च १९९४

भागीरथीताई,

आहे! दोन फोटोंत आहे. एका फोटोत तुम्हाला मांडीवर घेऊन बसली आहे, दुसऱ्यात दारात उभी आहे. गोरी, भरल्या अंगाची, हनुवटीवर तीळ. खाली छापलंय, 'माय-लेकींची ताटातूट.' दोन्ही फोटो पुठ्ठ्यात घालून रजिस्टरने पाठवतोय. परत पाठवू नका. माझ्याकडची वस्तू मी आजवर कुणाला दिली नाही, पण ह्या तुमच्याच घरच्या आहेत.

पाकीट बांधताना अनुसयेनं फोटोवरच्या बाईला हळद-कुंकू लावलं. मी हसलो नाही.

सुकलाल

*

भुसावळ
१४ एप्रिल १९९४

सुकलालभाऊ,

फोटो पोचले. पाकीट मी देवापुढे ठेवून उघडलं.

ती माझी आई नाही.

चेहरा आठवत नाही तर कसं कळलं, असं तुम्ही विचाराल. हनुवटीवर तीळ असलेल्या ह्या बाईंनी मला पेढा दिला होता, तो मला आठवतो. आईच्या कामासाठी कंपनीने ह्यांनाच घेतलं होतं. फोटो आणि पोस्टरं आधीच काढून झाली, आणि मग ह्यांना विषमज्वर झाला. शूटिंगच्या दिवशी सेट उभा, माणसं उभी, आणि बाई नाही. माझी आई माझा डबा घेऊन आली होती. डायरेक्टर म्हणाले, हिलाच पातळ नेसवा, दोनच तर प्रसंग आहेत. नाना त्या दिवशी कापड आणायला पुण्याला गेले होते. असते तर त्यांनी होऊ दिलं नसतं. म्हणून आईचं नाव कुठे छापलेलं नाही आणि फोटोही नाही. ती फक्त पडद्यावर आहे.

पाकीट उघडल्यावर पहिला क्षणभर मी त्या बाईंनाच आई समजून बघत होते. मग तीळ दिसला. तुमची चूक नाही. तुमच्या बायकोला सांगा, कुंकू वाया गेलं नाही, त्याही बिचाऱ्या आता नाहीत.

आणि तुमच्या पोस्टरांवरचा घोडा निळा आहे, असं राघोशेठ म्हणत होते. निळा कुठला? पिक्चर काळा-पांढरा होता. पांढरा कपडा कॅमेऱ्यात चकाकतो, म्हणून नानांनी माझा परकर चहाच्या पाण्यात बुडवून शिवला होता.

भागीरथी

*

लिंबायत, सुरत
२ मे १९९४

भागीरथीताई,

तुमचं पत्र आल्यापासून पोस्टरांच्या खोलीत जाववत नाही. सात पोस्टरांवरून ती तीळवाली बाई माझ्याकडे बघते. इतकी वर्षं मी तिलाच तुमची आई मानत आलो.

पण एका बाबतीत तुमचं चुकतंय. पिक्चर रंगीत होता. रात्र झाली की घोडा निळा व्हायचा. रान हिरवं. किल्ल्याला आग लागते तेव्हा सगळा पडदा लाल. मी ह्या डोळ्यांनी अकरा वेळा पाहिलंय ताई. तुम्ही काम केलंत, बघितला मी.

असो. आता फोटोंचा नाद सोडला. आई पडद्यावर आहे ना, मग मी पडद्यावरची आणतो. कंपनी कधीच बंद पडली, पण प्रिंट कुठेतरी असणार. मुंबई-पुण्याच्या तीन वितरकांना पत्रं टाकली आहेत. तुम्हाला जबान देतो. प्रिंट सापडली की मशीन भाड्याने घेऊन भुसावळला येतो आणि तुमच्या भिंतीवर चादर लावून दाखवतो. मुलगा-सून घरात असोत की नसोत.

सुकलाल

*

भुसावळ
२५ मे १९९४

सुकलालभाऊ,

तुमची जबान वाचली आणि मुलाला सगळं सांगून टाकलं. एकतीस वर्षांचा घोडा, हसला आणि म्हणाला, "आई, तू बेबी?" सून मात्र म्हणाली की भिंत रंगवून घेऊ.

भिंत रंगवली.

भागीरथी

*

लिंबायत, सुरत
२१ ऑगस्ट १९९४

ताई,

वितरक एकमेकांकडे बोट दाखवतात. पण एक धागा हाती लागला. त्या पिक्चरच्या तीनच प्रिंटा निघाल्या होत्या. दोन गोदामात पाणी शिरून गेल्या. तिसरी आमच्याच खानदेशात फिरत होती, बन्सीलाल नावाच्या तंबूवाल्याकडे. हे बन्सीलाल म्हणजे दोंडाईच्याला ज्यांच्या तंबूखालून मी सरपटत शिरायचो ते! अजून आहेत म्हणे, मिरचीची आडत आहे. दसऱ्याला गावी जातो आणि त्यांना गाठतो.

भिंतीला हात लावू नका कुणी.

सुकलाल

*

भुसावळ
२८ सप्टेंबर १९९४

सुकलालभाऊ,

रेडिओवर सुरतेत प्लेग म्हणतात. सुरतेहून येणाऱ्या गाड्यांतून माणसं तोंडाला फडकी बांधून उतरतायत. स्टेशनवर डॉक्टर बसले आहेत. कुठे आहात? मुलंबाळं बरी आहेत ना? प्रिंट राहू द्या. दोन ओळी टाका.

भागीरथी

*

मु. पो. मालपूर
९ ऑक्टोबर १९९४

भागीरथीताई,

आम्ही सगळे बरे आहोत. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या खाऊन तोंड कडू झालंय. गावकऱ्यांनी आम्हाला आठ दिवस खळ्यात ठेवलं, भाकरी लांबून ठेवून जायचे. आता घरात घेतलं आहे.

बन्सीलाल भेटले. प्रिंट नाही. विषय संपला असं समजा. भिंतीचा उगाच खर्च झाला, माफ करा.

सुकलाल

*

भुसावळ
२४ ऑक्टोबर १९९४

सुकलालभाऊ,

खुशाली वाचून बरं वाटलं. बाकीचं पटलं नाही.

साबणाच्या पेटीवरून ज्याने मला पकडलं तो माणूस इतक्या खटपटीनंतर "प्रिंट नाही, विषय संपला" एवढंच लिहितो? बन्सीलाल काय म्हणाले, ते नाही. प्रिंट कुठे गेली, ते नाही. निळ्या घोड्याबद्दलही अवाक्षर नाही. तुम्ही काहीतरी गिळलं आहे.

मी विधवा बाई आहे, पोरगी नाही. काय ते सांगा.

भागीरथी

*

लिंबायत, सुरत
१३ नोव्हेंबर १९९४

भागीरथीताई,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

बन्सीलाल आडतीत मिरच्यांच्या ढिगामागे बसले होते. माझा तोंडावरचा रुमाल बघून म्हणाले, "सुरतवाले ना तुम्ही? चार हात लांबून बोला." मी लांबूनच 'मोरपंखी घोडा' म्हणालो. म्हातारा खूश झाला. म्हणाला, "लई कमावून दिलं त्या घोड्याने." मी म्हणालो, "शेठ, काय रंगीत पिक्चर होता!" त्यावर ते इतके हसले की खोकला लागला. म्हणाले, "अरे बाबा, रंग माझा होता. मी भिंगापुढे रंगीत जिलेटिनचे कागद धरायचो. रात्रीला निळा, रानाला हिरवा, आगीला लाल. माझ्याच तंबूत तो पिक्चर रंगीत होता, दुसरीकडे कुठे नव्हता."

ताई, तुमचं खरं होतं. घोडा निळा नव्हता.

मी विचारलं, प्रिंट? ते म्हणाले, "एकाहत्तर साली धंदा बसला तेव्हा विकली. वजनावर. सुरतेचा चांदीवाला घेऊन गेला, डबे माझ्या नावाचे होते, तेही दिले."

मी तसाच घरी निघालो. का ते आता लिहितो.

मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिलं होतं की मी वर्षभर एका चांदीवाल्याच्या शेडमध्ये टाकी ढवळली. कसली टाकी ते लिहिलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नव्हतं. पांडेसऱ्याच्या पुढे खाडीकाठी पत्र्याची शेड होती. तिथे सिनेमाची जुनी रिळं यायची. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर जो काळेपणा असतो त्यात चांदी असते. फिल्म उलगडून गरम कॉस्टिक सोड्याच्या टाकीत सोडायची, काठीने ढवळायची. चित्र सुटून खाली गाळ बसतो, फिल्म काचेसारखी स्वच्छ होते. गाळातली चांदी शेठ काढायचा, फिल्म बांगड्यावाले न्यायचे. बिडी ओढायला बंदी, एक ठिणगी पडली तर शेड उडेल. हाताची सालं निघायची. मी आणि हिलाल नावाचा आमच्याकडचाच एक जण, दोघं एका टाकीवर.

कामाची रीत अशी होती. रंगीत फिल्ममध्ये चांदी नसल्यात जमा, ती टाकीत घातली तर कॉस्टिक वाया. म्हणून प्रत्येक रिळाचा सुरुवातीचा हातभर तुकडा उजेडात धरून बघायचा. काळा-पांढरा असेल तर टाकीत. रंगीत असेल तर कोपऱ्यात.

१९७१ च्या दिवाळीआधी दहा डबे आले. झाकणावर पांढऱ्या रंगात 'बन्सीलाल, दोंडाईचे' लिहिलेलं. सुरतेत माझ्या गावाकडचं नाव दिसलं म्हणून मला केवढा आनंद झाला! मी हिलालला म्हणालो, "अरे, माझ्या तंबूचे डबे!" पिक्चरचं नाव नव्हतं. तंबूत फिरलेल्या प्रिंटची सुरुवातीची नावं कधीच तुटलेली असतात. ताई, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, 'मोरपंखी घोडा' तर नसेल? म्हणून मी पहिलं रीळ मुद्दाम उजेडात धरलं. एक बाई दिसली, एक मुलगी दिसली. काळी-पांढरी. मी म्हणालो, नाही, माझा पिक्चर रंगीत होता. आणि टाकीत सोडलं.

दहाही रिळं मी माझ्या हातांनी धुतली. एक डबा मागून घेतला, गावाचं नाव होतं म्हणून. दोन वर्षं त्यात तांदूळ ठेवले.

रंगीत असती तर कोपऱ्यात टाकली असती ताई. दोंडाईच्याचा माणूस नसतो तर मला तो पिक्चर रंगीत वाटलाच नसता. जगातली शेवटची प्रिंट आली ती माझ्याच हातात आली, मी ओळखायला म्हणून बघितली आणि ओळखली नाही.

गावाहून आल्यावर पोस्टरं उतरवली. तुम्ही काय बोलाल ते ऐकून घेईन.

सुकलाल

*

भुसावळ
४ डिसेंबर १९९४

सुकलालभाऊ,

पत्र वाचलं. खोटं कशाला लिहू, तुमचा राग आला. मग नानांचा आला. मग त्या बन्सीलालचा. मग कुणाचाच येईना.

सून म्हणाली, "ती चांदी कुठे गेली असेल?" मुलगा म्हणाला, "सुरतेची चांदी जरीत जाते." म्हणजे माझी आई कुणाच्या तरी लग्नात काठापदराला लागली. बरं झालं. नाहीतरी तिला पातळं फार नव्हती.

पण भाऊ, तुम्ही एक ओळ लिहिली आहे आणि पुढे पळाला आहात. "एक बाई दिसली." ती माझी आई होती. तिला शेवटचं बघणारे तुम्ही आहात. तुमच्यानंतर तिला कुणी पाहिलेलं नाही आणि कुणी पाहणार नाही. पोस्टरं उतरवून काय होणार? मला पोस्टरं नको आहेत. ती कशी दिसत होती ते लिहा. तंबूत अकरा वेळा पाहिली, शेडमध्ये एकदा. बारा वेळांत जे दिसलं ते.

मला बरं वाटावं म्हणून काही रचू नका. आईबद्दल एक गोष्ट मला पक्की आठवते. ती मी तुम्हाला लिहिलेली नाही आणि लिहिणार नाही. तुम्ही रचलंत तर मला कळेल.

भागीरथी

*

लिंबायत, सुरत
२८ डिसेंबर १९९४

भागीरथीताई,

पत्र आल्यापासून मी आठवायला बसतो आहे. माग चालू असतात, मी खुर्चीत डोळे मिटून. कारागीर म्हणतात शेठला काय झालं. ताई, मला घोड्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा आठवतो. तुमच्या परकराची फाटलेली झालर आठवते. आईच्या चेहऱ्याच्या जागी काही येत नाही. ती दिसायची ते प्रसंग मला कंटाळवाणे वाटायचे, घोडा यायची वाट बघत मी वाळूत रेघोट्या ओढायचो. अकरा वेळा पाहिलं म्हणून मी ज्याला त्याला सांगत आलो. अकरा वेळा मी तिच्याकडे बघितलंच नाही.

म्हणून हिलालला शोधलं. तो पांडेसऱ्याला मिलच्या गेटसमोर चहाची गाडी लावतो. मी म्हणालो, "हिलाल, शेडमध्ये आपण एक पिक्चर धुतला होता."

"एक? हजार धुतले."

"दोंडाईच्याचे डबे होते."

"हां! तुझ्या तांदळाचा डबा! त्यात किडे झाले होते."

"त्या रिळात एक बाई होती."

तो चहा गाळता गाळता थांबला. त्याच्या कोणत्या हातात गाळणं होतं ते मी तेव्हा बघितलं. डाव्या. हिलाल डावखुरा आहे. शेडमध्ये आम्ही त्याला त्यावरून फार छळायचो, काठी उलटी फिरवतो म्हणून मुकादम शिव्या द्यायचा. तो मला म्हणाला, "तूच तर माले बोलावं होतं. फिल्म उजेडमां धरी अन् म्हणाला, हिलाल, देख तुनी बहीण! हाई बाई बी डावखुरी शे!"

ताई, त्याने हे म्हटलं आणि मला दिसलं. तंबूतलं नाही, शेडमधलं. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप येत होती, तिच्यात मी फिल्म धरली होती. नखाएवढी चित्रं, एकाखाली एक, सगळी सारखी. जमिनीवर बसलेली एक बाई. पुढ्यात मुलगी, पाठमोरी. बाईच्या डाव्या हातात फणी. मी एवढं बघितलं, हिलालला हाक मारली, आम्ही हसलो. चेहरा नखावरच्या तिळाएवढा होता. मान वाकडी करून ती बाजूला कुणाकडे तरी बघत होती आणि हसत होती, दात दिसत होते. गोरी की सावळी ते सांगता येणार नाही. नाक, डोळे सांगता येणार नाहीत. सांगितले तर ते रचलेले असतील.

आणि जे सांगितलं त्याचीही मी खात्री देऊ शकत नाही. फिल्म आरपार दिसते. उलट बाजूने धरली तर उजवा हात डावा दिसतो. तेवीस वर्षांपूर्वी मी कोणती बाजू माझ्याकडे धरली होती, हे मला माहीत नाही, हिलाललाही नाही. तिच्या उजव्या हातात फणी असेल आणि आम्ही दोघं मूर्खासारखे हसलो असू. एवढंच माझ्यापाशी आहे. हेही चुकीचं निघालं तर मग माझ्यापाशी काहीच नाही.

सुकलाल

*

भुसावळ
७ जानेवारी १९९५

सुकलालभाऊ,

आई डावखुरी होती. आजीला ते अशुभ वाटायचं. आई चुलीपाशी बसली की आजी तिचा डावा हात पदराच्या टोकाने कमरेशी बांधून ठेवायची. त्या हाताने वाढायचं नाही, देवाला फूल घालायचं नाही, तो हात पोरीच्या केसांना लावायचा नाही. घरात माझी वेणी आजीच घालायची.

त्या दिवशी सेटवर आजी नव्हती, नाना नव्हते. डायरेक्टर म्हणाले, मुलीची वेणी घाला, रोज घालता तशी. आईने आधी इकडेतिकडे बघितलं. मग फणी हातात घेतली. मी पाठमोरी होते, ती हसली ते मला दिसलं नाही. आज कळलं.

तुम्ही फिल्म सुलटी धरली होती.

भागीरथी